रक्तांतील खूण आणि मनुष्याचें मोल

वाचकहो, मनुष्याच्या रक्तांत एखाद्या भावी दुखण्याची खूण सांपडली, तर तेवढ्यावरून त्याला रोगी मानावें काय? आणि सोयरीक जुळवितांना ती खूण दोष म्हणून मोजावी काय? अशा तपासण्या आतां सुलभ झाल्या आहेत, म्हणून ह्या प्रश्नांचा शांतपणें विचार करणें अगत्याचें आहे.

पाठीचे मणके आंखडून टाकणारा एक दाहक संधिवात आहे. तो बहुधा तरुणपणीं, वयाच्या ४५ वर्षांच्या आंत सुरू होतो. सकाळीं उठतांना पाठ ताठरते, आणि निजून राहिल्यानें नव्हे, तर हालचाल केल्यानें बरें वाटतें. 'एचएलए-बी २७' नांवाच्या जनुकाचा ह्या रोगाशीं निकट संबंध आहे, असें १९७३ सालीं लंडन व लॉस एंजेलिस येथील तज्ज्ञांनीं दाखवून दिलें. हें जनुक आईबापांकडून लेंकरांस मिळतें. परंतु ज्यांच्या ठायीं तें असतें, त्यांतील बहुतेकांस हा रोग जन्मभर होत नाहीं. साधारणपणें १०० जणांत ५ हून अधिकांस तो जडत नाहीं. उलट, ही खूण नसतांही कित्येकांस तो होतो.

मग तपासणी निरर्थक आहे काय? नाहीं. ज्या तरुणाची पाठ तीन महिन्यांहून अधिक काळ वरील रीतीनें दुखते, त्याचा रोग ओळखण्यास ती वैद्यास साह्य करते; आणि वेळेवर औषधोपचार व नित्य व्यायाम झाल्यास पुष्कळ हानि टळते. परंतु निरोगी मुलीला केवळ लग्नासाठीं ही तपासणी करावयास लावणें, म्हणजे जन्मपत्रिका टाकून देऊन तिच्या जागीं दुसरी पत्रिका मांडणें होय.

कोणी म्हणतील, बुरूज बांधण्यापूर्वीं खर्चाचा हिशेब करावा, असें प्रभूनेंच शिकविलें ना? होय, पण हिशेब खऱ्या आंकड्यांचा करावा, भयाचा नव्हे. ज्यास रोग प्रत्यक्ष जडला आहे, त्यानें तो सोयऱ्यांपासून लपवूं नये. तें असत्य होईल. परंतु ज्याच्या ठायीं केवळ खूण आहे, त्याला रोगी म्हणणें हेंही असत्यच होय.

कित्येक जण अशा खुणेला वाडवडिलांच्या पापाचें फळ समजतात. जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनींही तसेंच विचारलें होतें. तेव्हां प्रभूनें तो आरोप त्याच्यावरून व त्याच्या आईबापांवरूनही काढून टाकला. प्रभूनें जें ओझें उतरविलें, तें आपण पुन्हा कां लादावें?

उपदेशक बंधूंनो, असा कागद हातीं घेऊन कोणी घाबरून आपणांकडे आल्यास प्रथम त्याचा खरा अर्थ समजावून सांगा, मग त्याच्यासह प्रार्थना करा. आणि पुढें दुखणें आलेंच, तर मंडळीनें त्याची विहीर, त्याचें शेत व त्याचीं लेंकरें सांभाळावीं. उद्यांचें भय एकट्याला खातें. तें भय कमी करणें हें शेजाऱ्यांच्या हातीं आहे.