समुद्राशी खेळावे काय?

ज्या घराला समुद्राने पिढ्यान्‌पिढ्या अन्न दिले आणि ज्या घरातील एक कर्ता माणूसही त्याच समुद्राने नेला, त्या घरातील मुलांनी त्या पाण्याशी खेळावे काय? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. तथापि गेल्या नाताळच्या सुट्टीत तो आमच्यापुढे असा काही उभा राहिला की त्याला बगल देऊन पुढे जाणे आम्हाला शक्य झाले नाही. त्या निमित्ताने जे पाहिले आणि जे मनात आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमचे घराणे वसईच्या कोळीवाड्यातले. आजोबांची होडी होती, डोल जाळी होती, आणि मोसमाच्या आरंभी धर्मगुरूंनी पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद दिल्याखेरीज ती होडी पाण्यात जात नसे. एका वर्षी थोरले काका दर्यावर गेले ते परतले नाहीत. होडी सापडली, काका सापडले नाहीत. वडिलांनी त्यानंतर होडी विकली आणि नोकरी धरली. आजीने घराला एक नियम घालून दिला. किनाऱ्यावर जायचे ते कामापुरते; पाण्यात मस्ती करायची नाही; आणि काही झाले तरी दर्याला पाठ दाखवायची नाही. आजी गेली, परंतु नियम राहिला. आमच्या आईने तो आम्हाला शिकवला आणि आम्हीही फारसा विचार न करता आमच्या मुलांना शिकवला. हाकेच्या अंतरावर समुद्र असूनही आमच्या मुलांना पोहणे येते ते तरणतलावातले.

गेल्या नाताळात आम्ही उभयता मुलांना घेऊन वेलंकनीच्या यात्रेस गेलो होतो. आपल्याकडील अनेक कुटुंबांचा तो परिपाठच आहे. आरोग्यमातेच्या या तीर्थस्थानाचे समुद्राशी असलेले नाते सर्वश्रुत आहे. वादळात सापडलेले पोर्तुगीज खलाशी मरियामातेचा धावा करीत 8 सप्टेंबर रोजी या किनाऱ्याला सुखरूप लागले, असे तेथील परंपरा सांगते. परंतु याच किनाऱ्यावर 26 डिसेंबर 2004 रोजी, नाताळच्या दुसऱ्याच सकाळी, त्सुनामीच्या लाटा आल्या. तो रविवार होता. पवित्र कुटुंबाचा सण होता. सुमात्राजवळ समुद्रतळाशी झालेल्या भूकंपाने उठलेले ते पाणी जवळजवळ अडीच तासांत तामिळनाडूला पोहोचले आणि वेलंकनीच्या वाळूवर व बाजारात असलेले शेकडो भाविक त्यात गेले. कुटुंबासह यात्रेला आलेली, आपल्यासारखीच माणसे होती ती. आम्ही तेथे होतो त्या 26 तारखेला कोळी स्त्रिया पाण्याच्या कडेला उभ्या राहून समुद्रात दूध ओतीत होत्या, फुले सोडीत होत्या. काही जणी रडत होत्या, काही नुसत्याच पाहत होत्या. आमची मुले अवाक्‌ होऊन उभी होती. आम्हाला थोरले काका आठवले. त्यांच्यासाठी कोणी कधी समुद्रात फूल सोडल्याचे आम्हाला स्मरत नाही.

तेथून रात्रभराचा प्रवास करून आम्ही चेन्नईला आलो. शहराच्या दक्षिणेस सुमारे 40 किलोमीटरवर, पूर्व किनाऱ्याच्या रस्त्यालगत कोवळम नावाचे मासेमारांचे गाव आहे. इंग्रजांनी त्याला कोवेलाँग म्हटले. केरळातले प्रसिद्ध कोवळम ते हे नव्हे. गावात कार्मेलमातेचे जुने चर्च आहे. वाळूवर होड्या ओढून ठेवलेल्या असतात. आणि गेल्या काही वर्षांत येथे मासेमारांचीच मुले पर्यटकांना सर्फिंग, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याचा खेळ, शिकवू लागली आहेत. आमच्या लेकीने हे कोठेतरी वाचले होते. तिने हट्ट धरला नाही. तिने फक्त विचारले, "पप्पा, आम्ही दोघे शिकू का? तुम्हीही या ना." दोन दिवसांपूर्वी पाहिलेले ते दूध आणि ती फुले आमच्या डोळ्यांपुढून हलली नव्हती. आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. विचार करून सांगतो, एवढेच म्हणालो.

त्या रात्री आम्ही खरोखरच विचार केला. आमच्या मनातील आक्षेप दोन होते. पहिला असा की, ज्या पाण्यावर कोणी पोटासाठी जीव धोक्यात घालतो, त्याच पाण्यावर आपण मौजेसाठी उतरणे हा त्याच्या कष्टांचा उपमर्द आहे. दुसरा असा की, जेथे माणसे मेली तेथे खेळणे म्हणजे मृतांना विसरणे होय.

धार्मिक मनाला खेळाचा संशय येणे ही नवी गोष्ट नव्हे. सर्फिंगची जन्मभूमी पॉलिनेशिया. हवाई बेटांवर राजे आणि प्रजा, स्त्रिया आणि पुरुष, सारेच लाकडी फळ्यांवरून लाटा अंगावर घेत. 1820 साली तेथे न्यू इंग्लंडहून प्रोटेस्टंट मिशनरी आले. त्यांपैकी कित्येकांना या खेळात आळस आणि असभ्यताच दिसली. परक्या रोगांनी बेटवासीयांची संख्याच घटत गेली, जीवनपद्धती पालटली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ पुष्कळसा ओसरला. पुढे ड्यूक कहानामोकू या हवाईच्या जलतरणपटूने, ज्याने 1912 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले होते, तो जगभर नेला. त्या मिशनऱ्यांना आपण कॅथलिकांनी हसू नये. आपल्याही घरात आणि आपल्याही धर्मग्रामात खेळणाऱ्या मुलाकडे कपाळाला आठ्या घालून पाहणारे कमी नाहीत.

वास्तविक आपली परंपरा याहून उदार आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' या महाग्रंथात खेळाची सविस्तर चर्चा केली आहे. संत योहानांची एक जुनी कथा ते सांगतात. योहान शिष्यांसमवेत खेळत असता काहींना ते खटकले. तेव्हा योहानांनी त्यांच्यातील धनुर्धाऱ्याला बाणामागून बाण सोडावयास लावले आणि विचारले, हे असेच अखंड चालू ठेवता येईल काय? तो उत्तरला, धनुष्य मोडेल. मग मनाचेही तसेच नव्हे काय, हा त्यातील बोध. थॉमस एवढ्यावर थांबत नाहीत. जो कधीच खेळत नाही आणि इतरांच्या आनंदाला ओझे होतो, तोही विवेकाविरुद्ध वागतो, असे ते म्हणतात. मात्र खेळाला ते तीन मर्यादा घालतात. तो अभद्र वा कोणाला इजा करणारा नसावा. त्यात मनाचा तोल सर्वस्वी जाऊ नये. आणि तो व्यक्तीला, वेळेला व प्रसंगाला साजेसा असावा. बायबलमध्येही देवाचे ज्ञान सृष्टीच्या आरंभी त्याच्यापुढे आनंदाने बागडत असल्याचे चित्र नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात आहे, आणि 104 व्या स्तोत्रात महासागरातील प्रचंड लिव्याथानसुद्धा पाण्यात खेळतो. तेव्हा खेळ मुळातच पाप नव्हे, हे आम्हाला मान्य झाले. अडले ते तिसऱ्या मर्यादेपाशी. प्रसंग साजेसा आहे काय?

सकाळी मुलांना घेऊन आम्ही किनाऱ्यावर गेलो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर थंडीत समुद्र निवलेला असतो; तेथे ईशान्येच्या वाऱ्याने तो अजून जागा होता. शिकवणारा तरुण पंचविशीतला, त्याच गावातला. मोडक्या हिंदीत बोलत होता. त्याने आम्हाला लगेच पाण्यात नेले नाही. वाळूवर बसवले आणि म्हणाला, "अंकल, आधी बघा." जवळजवळ पाव तास आम्ही नुसते समुद्राकडे पाहत बसलो. लाटा कोठे फुटतात, किती लाटांनंतर पाणी शांत होते, कोठे पाणी किनाऱ्याकडून उलटे आत ओढले जाते, हे तो बोटाने दाखवीत होता. त्या ओढीत सापडलात तर तिच्याशी झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर या, असे त्याने दोनदा बजावले. मग फळीवर पालथे पडणे, हातांनी पाणी मारणे, छाती उचलून एका झटक्यात पाय खाली घेणे, हे सारे वाळूवरच करवून घेतले. फळीला बांधलेला पट्टा घोट्याला अडकवला. पडताना आडवे पडा, वर येताना डोक्यावर हात धरा, असे सांगितले.

आणि मग ती गोष्ट आली जिने आमची आजी आठवली. लाट धरायची तर तिच्याकडे पाठ करावी लागते. तोंड किनाऱ्याकडे, लाट मागून येणार. खांद्यावरून एकवार तिच्याकडे पाहायचे, जोराने हात मारायचे आणि फळी उचलली जाईपर्यंत थांबायचे. ज्याचे लक्ष सारखे मागे राहते त्याचा तोल जातो. जो मागे मुळीच पाहत नाही त्याला लाट उलथून टाकते. आमच्या बालपणीच्या नियमाविरुद्ध वागायला आमचे शरीरच तयार होईना. आम्ही पुनःपुन्हा वळून पाहत राहिलो आणि पुनःपुन्हा पडलो. नाकातोंडात खारे पाणी गेले, गुडघे खरचटले. कन्या पाचव्या-सहाव्या प्रयत्नात उभी राहिली आणि किनाऱ्यापर्यंत गेली. चिरंजीवही तिच्यामागोमाग उभे राहिले. आम्ही स्वतः शेवटपर्यंत गुडघ्यांवरच राहिलो. कॅथलिक माणसाला गुडघे टेकण्याची सवय अधिक, म्हणून असेल. परंतु ते चार-पाच क्षण आम्ही विसरणार नाही. लाट येते तेव्हा पाणी आपल्याकडे चालत येते असे भासते. वस्तुतः पाणी बहुतांशी जागच्या जागी वरखाली होत असते. दूरच्या वाऱ्याने दिलेली शक्ती तेवढी पुढे सरकत असते. समुद्र उथळ झाला की लाटेचा पाय अडतो आणि माथा पुढे कोसळतो. त्या कोसळण्याच्या आधीच्या क्षणी कोणी अनोळखी हातांनी आपल्याला उचलावे तसे आम्ही उचलले गेलो. लाट आम्ही निर्माण केली नव्हती, आणि ती आमच्यासाठी आलीही नव्हती.

विश्रांतीच्या वेळी आम्ही त्या तरुणाला त्सुनामीविषयी विचारले. तो तेव्हा लहान होता. घरची होडी आणि जाळी गेली. त्यानंतर कित्येक वर्षे आईने त्याला पाण्याजवळ जाऊ दिले नाही. "मग?" आमच्या मुलीने विचारले. मग तो चोरून जाऊ लागला, मोडक्या फळकुटावर झोपून लाटांबरोबर किनाऱ्याला येऊ लागला. एके दिवशी आजोबांनी पाहिले. ते रागावले नाहीत. लहानपणी आम्हीही असेच यायचो, म्हणाले. आम्हाला आश्चर्य वाटले, पण वाटावयास नको होते. या किनाऱ्यावरचे मासेमार शतकानुशतके 'कट्टुमरम'वर, म्हणजे ओंडके एकत्र बांधून केलेल्या तराफ्यावर, समुद्रात जात. इंग्रजीतला 'कॅटामरान' हा शब्द याच तामिळ शब्दावरून आला. भरल्या तराफ्यासह फुटत्या लाटेतून किनाऱ्याला लागणे हे त्यांचे रोजचे काम होते. लाटेवर स्वार होण्याची विद्या त्यांनी पर्यटकांकडून घेतलेली नाही. तिचा खेळ तेवढा नव्याने झाला आहे, आणि त्या खेळावर आता काही घरांच्या चुली पेटतात.

दहाच्या सुमारास दूरवर एक फायबरची होडी दिसली. तरुणाने तोंडाने शीळ घातली आणि सगळ्यांना पाण्याबाहेर काढले. खेळ थांबला. होडी लाटेबरोबर वाळूवर चढली, दोर टाकला गेला आणि तो तरुण व त्याचे सोबती फळ्या टाकून दोराला लागले. कोणी आम्हाला बोलावले नाही. तरीही आमचे पाय तिकडे वळले. मुलांनीही हात लावला. ओला दोर तळहाताला काचत होता. वडिलांनी होडी विकल्यापासून आमच्या घरातील कोणाच्या हातात होडीचा दोर आलेला नव्हता. जाळ्यात मासळी बेताचीच होती. एका वृद्ध खलाशाने आमच्या ओल्या कपड्यांकडे आणि खरचटलेल्या गुडघ्यांकडे पाहिले, आणि तो मनमोकळेपणाने हसला. त्या हसण्यात आम्हाला उपहास दिसला नाही.

आमच्या पहिल्या आक्षेपाचे उत्तर आम्हाला त्या दोराने दिले. खेळ श्रमाचा उपमर्द करतो तो, जेव्हा खेळणारा श्रमिकासाठी वाट सोडीत नाही; जेव्हा किनारा आपल्या मौजेसाठीच आहे असे तो समजतो आणि होडीला अडथळा मानतो. मोठमोठी विश्रामगृहे जेव्हा मासेमारांना त्यांच्याच वाळूवरून मागे रेटतात, तेव्हा तो उपमर्द नव्हे तर अन्यायच असतो. परंतु जो खेळणारा होडी दिसताच बाजूला होतो आणि जमल्यास दोराला हात लावतो, त्याच्या खेळाने कोणाचे काही हिरावले जात नाही.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर इतके सरळ नाही. मृतांना विसरून खेळणे अयोग्यच. पण मृतांच्या भयाने पाण्याकडे कायमची पाठ फिरवणे म्हणजे त्यांचे स्मरण होय काय? आम्ही चाळीस वर्षे समुद्र टाळला, आणि त्या टाळण्यात काकांचे नावही घरात उच्चारेनासे झालो. मुलांना ते ठाऊकही नव्हते. दोर ओढून झाल्यावर वाळूवर बसून आम्ही त्यांना प्रथमच काकांविषयी सांगितले. त्या संध्याकाळी कार्मेलमातेच्या चर्चमध्ये आम्ही चौघांनी त्यांच्या आत्म्याला शांती लाभावी म्हणून प्रार्थना केली. जर त्या सकाळी आम्ही पाण्यात उतरलो नसतो, तर ही प्रार्थना झाली असती असे आम्हाला वाटत नाही. त्सुनामी का आली, काका का गेले, याचे उत्तर मात्र त्या लाटांनी आम्हाला दिले नाही, आणि ते मिळाल्याचा आव आम्ही आणणार नाही.

घरी परतल्यावर ही हकिगत आईपासून लपवावी असे आमच्या मनात होते. मुलांनी ती पहिल्याच दिवशी सांगून टाकली. ऐंशी उलटलेली आई अंगणात बोंबील निवडीत बसली होती. तिने सारे ऐकून घेतले आणि नातीला एवढेच विचारले, "दर्याला पाठ नाही ना दाखवलीस?"

नात क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "दाखवली, आजी. पण आधी खूप वेळ बघून."

आईने मान हलवली. ती कबुलीची होती की नाराजीची, हे आम्हाला कळले नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, येत्या रविवारी थोरल्या काकांच्या नावाने मिस्सा सांगता येईल का.