योगक्षेम आणि मोटारसायकल

‘योगक्षेम’ हा शब्द आपण हल्ली सरसकट चरितार्थ या अर्थाने वापरतो. आयुर्विमा महामंडळाच्या बोधवाक्यात तो वर्षानुवर्षे दिसत आल्यामुळे त्याचे दोन घटक वेगळे करून पाहावेत, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. शंकराचार्यांनी गीताभाष्यात ते वेगळे केले आहेत : जे आपल्याजवळ नाही ते मिळविणे हा योग, आणि जे मिळाले आहे त्याचे रक्षण करणे हा क्षेम. या दोहोंपैकी माणसाची कसोटी कोणत्यात अधिक लागते, या प्रश्नाचा विचार मी गेले काही महिने एका मोटारसायकलच्या निमित्ताने करीत आहे. आपल्या त्रैमासिकाच्या प्रकृतीला हे निमित्त काहीसे थिल्लर वाटण्याचा संभव आहे. प्रश्न मात्र तसा नाही.

आमच्या निवृत्तांच्या गटातील चौघांनी येत्या जूनअखेरीस इंदूरहून मनालीमार्गे लेहला मोटारसायकलींवर जाण्याचे ठरविले आहे. एका बाजूचे अंतर सुमारे १,८०० किलोमीटर. चौघेही साठीच्या पुढचे. या बेतासाठी ज्या बैठका झाल्या, त्यांत गाडी कोणती असावी यावर चार संध्याकाळी खर्ची पडल्या. ती कोणी, कशी आणि किती वेळा तपासावी यावर अर्धा तास. हे प्रमाण शासकीय सेवेत हयात गेलेल्या माणसाला परिचयाचे वाटणारच. नव्या इमारतीचा प्रस्ताव असला की बैठकीत खुर्च्या कमी पडत. जुन्या इमारतीच्या गळतीचा विषय निघाला की उपस्थितांचे लक्ष घड्याळाकडे जाई. देखभालीची कोनशिला बसत नाही आणि फीत कापायला कोणी येत नाही. एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी कार्यालयीन जीपचे लॉगबुक चाळले होते. त्यात वर्षभराच्या तेलबदलाच्या नोंदी एकाच शाईने, एकाच बैठकीत, अत्यंत सुवाच्य अक्षरात भरलेल्या होत्या. क्षेमाचे काम असे विनासाक्षीदार चालते, म्हणून त्यात लबाडी करणे सोपे असते, आणि लबाडी उघडकीस येते तीही बहुधा दुसऱ्याच कोणाच्या प्रवासात. आपल्या घरांतही मिळविल्याचे श्रेय पुरुषांना आणि सांभाळण्याचे कष्ट स्त्रियांना, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पण तो स्वतंत्र निबंधाचा विषय होईल.

निवडीच्या बाबतीत माझे मन आधीपासूनच एका बाजूला झुकलेले होते. माझ्याकडे १९८८ सालची बुलेट आहे, झाबुआच्या नेमणुकीत घेतलेली, ओतीव लोखंडाच्या इंजिनाची. ज्यांनी अशी गाडी चालविली त्यांना आठवत असेल की ती सुरू करणे हाच एक विधी असे. किक हळूहळू दाबत अँपिअरमीटरचा काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प्रेसरची कळ ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा आणि मगच संपूर्ण भार देऊन किक मारायची. क्रम चुकला तर किक उलटून पोटरीला असा हिसका देई की तो धडा पुन्हा गिरवावा लागत नसे. सैन्याने या गाड्या सीमेवरील गस्तीसाठी घेतल्या, त्यांच्या उत्पादनासाठी १९५५ साली मद्रासमध्ये कंपनी स्थापन झाली, आणि तेव्हापासून हिमालय व बुलेट हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले. या जुन्या यंत्राचा खरा गुण त्याच्या मोकळेपणात आहे. प्लग, पॉइंट, कार्बोरेटर, केबल, जे बिघडेल ते डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते. २०२० च्या एप्रिलपासून प्रदूषणाची नवी मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर बहुतांशी हद्दपार झाला. आता इंधन किती सोडायचे ते गाडीतील संगणक ठरवितो. काही बिनसले तर एक दिवा लागतो, आणि त्या दिव्याचा अर्थ कळण्यासाठी कंपनीचे यंत्र जोडावे लागते. नाव मालकाचे, गुपित कंपनीचे.

येथवर युक्तिवाद माझ्या बुलेटच्या बाजूने जातो. पण त्याची दुसरी बाजू लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मनाली-लेह मार्गावरील टांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरहून उंच आहे, आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. कार्बोरेटरला ही वार्ता पोचत नाही. हवा विरळ झाली तरी तो पेट्रोल सोडण्यात त्या मानाने काटकसर करीत नाही. मिश्रण गाढे होते, इंजिन गुदमरते, प्लग काजळतो. नवी गाडी हा फरक आपला आपण जुळवून घेते. शिवाय २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीवरील प्रत्येक नव्या दुचाकीला चाक घसरू न देणारी ब्रेकयंत्रणा सक्तीची आहे. माझ्या गाडीला ती कोठून असणार? जुन्या वस्तूंवरील आपल्या प्रेमात स्वतःच्या तारुण्यावरील प्रेम किती मिसळलेले असते, याचा हिशेब प्रत्येकाने आपापला करावा.

या विषयावरचे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक रॉबर्ट पर्सिग या अमेरिकन लेखकाचे. लहान मुलाला मागे बसवून १९६८ मध्ये केलेल्या प्रवासावर आधारलेले ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ १९७४ साली प्रसिद्ध झाले. त्यातील गुणवत्तेच्या तत्त्वचर्चेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला तीपेक्षा एक लहानसा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. सहप्रवाशाच्या उंची जर्मन गाडीचे हँडल सैल होऊन सरकू लागते. निवेदक सुचवितो की बिअरच्या रिकाम्या डब्याची पत्र्याची पट्टी कापून आत घातली की काम होईल. उपाय बिनचूक आहे, फुकट आहे. पण सहप्रवासी दुखावतो. इतक्या अभिजात यंत्राला डब्याचा पत्रा! हा मनुष्य मंद नाही, आळशीही नाही. त्याला वेग हवा आहे, वारा हवा आहे, फक्त ज्यामुळे ते मिळते त्या यंत्राशी ओळख नको आहे. आपल्यातील बहुतेकांचे नळाशी, विजेशी आणि शहराच्या गटारांशी असेच नाते असते. वस्तू चालत असेतो तिच्याकडे पाहायचे नाही, आणि बंद पडली की संतापायचे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. अर्नेस्टो गेव्हारा आणि त्याचा मित्र अल्बेर्तो ग्रनादो १९५२ साली एका जुनाट नॉर्टनवर दक्षिण अमेरिका पाहायला निघाले. चिलीमध्ये गाडीने कायमची मान टाकली. पुढचा प्रवास पायी, मालमोटारींतून, मिळेल त्या साधनाने झाला, आणि चुकिकामाताच्या तांब्याच्या खाणीजवळचे कामगार दांपत्य त्यांना भेटले ते त्यानंतर. गाडी धडधाकट असती तर डॉक्टरकीचा हा विद्यार्थी कदाचित त्या वाटेने भुर्रकन निघून गेला असता. मग क्षेमाचा एवढा बडिवार कशाला? बिघाड हाच खरा गुरू नव्हे काय?

मला या युक्तिवादातील सत्य मान्य आहे. मात्र तो सांगणारा नेहमी पार पडलेला प्रवासी असतो. ज्याने त्याला वाटेत उचलून घेतले, त्या मालमोटारवाल्याचे म्हणणे आपल्यापर्यंत येत नाही. लाहौलमध्ये चंद्रा आणि भागा या नद्यांच्या संगमावर तांडी नावाचे ठिकाण आहे. तेथील पेट्रोलपंपाजवळ पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचा फलक अनेक वर्षे होता, आणि त्याच्यापुढे उभे राहून छायाचित्र काढून घेणे हा प्रवासाचाच भाग होऊन बसला. त्या टापूत दुपार चढू लागली की बर्फ वितळून नाल्यांचे पाणी वाढते. सकाळी घोटाभर असलेला ओहोळ तिसऱ्या प्रहरी चाक ओढून नेऊ शकतो. म्हणून जाणते चालक पहाटे निघतात. अशा रस्त्यावर तुटलेल्या साखळीपाशी कोणी खिन्न उभा असेल तर मालमोटार थांबते, कारण न थांबणे हे तेथील रीतीत बसत नाही. चालकाचे दीड-दोन तास जातात, आणि पुढचा नाला त्याला सकाळच्या पाण्याऐवजी दुपारच्या पाण्यात ओलांडावा लागतो. झारखंड-बिहारमधून येऊन त्या उंचीवर खडी पसरणारे मजूर आपल्या तंबूत जागा करून देतात, सैन्याच्या छावणीतील डॉक्टर झोपेतून उठतो. स्वतःचा जीव पणाला लावण्याचा अधिकार साहसी माणसाला आहे, असे मी मानतो. त्या चालकाची दुपार पणाला लावण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? दरड कोसळली, ढगफुटी झाली, तर तो सर्वांचाच भोग आहे. साखळीला तेल न घालणे मात्र त्या जातीचे संकट नव्हे, आणि त्याला साहस म्हणणे शब्दावर अन्याय करणारे आहे.

छावणीतील ज्या वृद्ध मिस्त्रींकडे माझी बुलेट बावीस वर्षे जाते, त्यांनी हे तत्त्व कोणत्याही ग्रंथाशिवाय अमलात आणले आहे. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याची गाडी ते दुरुस्त करतात, पण ताब्यात देत नाहीत. मालकाने त्यांच्यासमोर मागचे चाक स्वतः काढून ट्यूब बदलून पुन्हा बसविली, क्लचची केबल बदलून दाखविली, की मगच किल्ली मिळते. नवी केबल जुन्या केबलीच्या शेजारूनच ओवून ठेवायची, म्हणजे तुटल्यावर नुसती टोके जोडायची असतात. चाकाच्या प्रत्येक तारेवर पान्याने टिचकी मारायची, सैल तार बद्द आवाज देते. दर ५०० किलोमीटरला साखळी पुसून वंगण घालायचे. सकाळी इंजिन गार असताना तेलाची पातळी पाहायची. कोणी कुरकुर केली तर त्यांचे एकच उत्तर असते : “वहाँ मैं नहीं रहूँगा, बाबूजी.”

गाडीच्या निवडीचा आमचा चार संध्याकाळींचा वादही शेवटी त्यांच्याच अंगणात मिटला. त्यांनी सामान बांधलेल्या गाड्या जमिनीवर आडव्या घातल्या आणि प्रत्येकाला आपली गाडी एकट्याने तीन वेळा उभी करायला सांगितले. तीन वेळा कशाला, असे विचारल्यावर म्हणाले, “पहली बार तो सब उठा लेते हैं.” एका मित्राची नवी हिमालयन सामानाविनाच २०० किलोच्या घरात जाते, ती दुसऱ्यांदा हलली नाही. माझी बुलेट दोनदा उठली. माझ्या पुतण्याची एक्सपल्स सुमारे १६० किलोची, ती तिन्ही वेळा उठली. जी गाडी आपण एकट्याने उभी करू शकत नाही, ती घेऊन निर्जन रस्त्यावर जाणे म्हणजे कोणा अनोळखी माणसाची पाठ आधीच गृहीत धरणे होय. तिच्या संगणकाला मी हात लावू शकणार नाही, ही उणीव उरतेच. दोन परावलंबनांतून कमी लोकांना त्रास देणारे निवडायचे, एवढेच हाती राहिले. छत्तीसहून अधिक वर्षांची सोबत मागे ठेवून जाणे सोपे नाही, आणि माझ्या मित्राने अद्याप आपला निर्णय बदललेला नाही. तो म्हणतो, आपण चौघे बरोबर आहोत की. असू, पण चौघांचीही पाठ साठीपुढची आहे.

“अहो, गाडीची एवढी तपासणी चालली आहे, तुमची कधी?” असे सौभाग्यवतींनी परवा विचारले. प्रश्न रास्त होता. रक्तदाबाचे आणि हृदयाचे अहवाल आले आहेत. उंचीची सवय व्हावी म्हणून केलाँगला दोन रात्री थांबण्याचे मी बेतात घातले आहे; दोघांना ते वेळेचा अपव्यय वाटतात, त्यांच्याशी बोलणे चालू आहे. एक्सपल्सचे मागचे चाक काढून पुन्हा बसवायला मला प्रथम पन्नास मिनिटे लागली होती. आता पंचवीस लागतात. मिस्त्रींच्या मते थंडीत, हातमोज्यांसह आणि वाऱ्यात त्याची दुप्पट धरावी, म्हणून या आठवड्यापासून मी हातमोजे घालून सराव करीत आहे.