पाय कुठं ठेवायचा?

श्रावणात औंढा नागनाथाच्या दर्शनाला आलेली बरीच मंडळी परतीच्या वाटेवर सिद्धेश्वर धरणाकडे वळतात. पाऊस मनासारखा झाला असेल आणि दरवाजे उचलले असतील, तर विचारायलाच नको. हिंगोली, वसमत, परभणी, नांदेडहून गाड्या येतात. लोक पाणी बघतात, फोटो काढतात, डबे सोडतात आणि संध्याकाळी निघून जातात. मागं पत्रावळ्या, कुरकुऱ्यांची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या राहतात. हिंगोली शहर ज्या धरणाचं पाणी पितं, त्याच धरणाच्या काठी विकतच्या पाण्याची रिकामी बाटली टाकताना आपल्याला काहीच कसं वाटत नाही?

पण कचरा डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याबद्दल निदान बोललं तरी जातं. मला बोलायचंय ते न दिसणाऱ्या नुकसानीबद्दल.

सिद्धेश्वरचा जलाशय माणसानं बांधलेला आहे. पूर्णा प्रकल्पातली येलदरी आणि सिद्धेश्वर ही जोडधरणं 1968 सालची. वर येलदरीत पाणी साठतं, त्यावर वीज तयार होते, तेच पाणी खाली सिद्धेश्वरात येतं आणि इथून कालव्यांनी शेतांकडं जातं. 2024 मध्ये ज्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या पट्ट्यातही हे पाणी खेळतं. या पाण्याखाली कुणाच्या तरी काळ्या जमिनी गेलेल्या आहेत, हे इथं येणाऱ्यानं विसरू नये. पाणी आलं, मासळी आली, मासळीमागं पक्षी आले. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरणी होते. अशी गाळपेराची जमीन देताना धरणग्रस्तांना प्राधान्य द्यायचं, असा नियम आहे. एकाच काठावर भोई जाळं सुकवतो, शेतकरी गाळपेर करतो आणि टिटवी अंडी घालते. या सगळ्यांचं तिथं रोजचं काम आहे. फिरायला जाणारे आपण सगळ्यांत शेवटी आलेले. ज्या घरात पाहुणा म्हणून जायचं, त्या घराची झोपायची-जेवायची वेळ पाहून जावं, एवढी रीत आपण माणसांच्या बाबतीत तरी पाळतो.

टिटवीचंच घ्या. ती घरटं म्हणावं असं काही बांधतच नाही. मोकळ्या जमिनीवर जरासा खळगा, भोवती चार खडे, आत बहुधा चार अंडी. मातकट रंग, वर काळे ठिपके. पाऊलभर अंतरावरूनही ती ढेकळासारखीच दिसतात. आपण काठावरून रमतगमत निघालो की ती उठते आणि डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहते. आपल्याला वाटतं, काय किरकिर लावलीय! खाली मात्र मराठवाड्याच्या वैशाखातल्या उन्हात अंडी उघडी पडलेली असतात. अशा उन्हात टिटवी अंडी उबवण्यापेक्षा त्यांच्यावर सावली धरण्याचंच काम जास्त करते. पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि तो ओलावा अंड्यांना देते. आपण तिथंच अर्धा तास सेल्फी काढत उभे राहिलो तर ती परत बसू शकत नाही. आपण कुणाला दगड मारलेला नसतो, अंड्याला हातही लावलेला नसतो, तरीही आतला जीव गेलेला असू शकतो.

टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस दणकून, चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, असं आपल्याकडचे जुने लोक सांगतात. अंदाज खरा ठरो न ठरो, त्या निमित्तानं शेतकरी अंडी बघायचा आणि तेवढा तुकडा सोडून औत फिरवायचा. आता अंडी सापडली की आधी फोटो निघतो, तो गटावर पडतो आणि दुसऱ्या दिवशी बघायला दहा जण येतात.

याच औंढ्याच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते, अशी कथा आहे. नरसीचे नामदेव गुरूच्या शोधात तिथं आले आणि ते दृश्य पाहून चिडले. विसोबा म्हणाले, मला पाय उचलवत नाहीत, जिथं देव नसेल तिथं तूच नेऊन ठेव. नामदेव पाय उचलून ठेवतील तिथं पिंड उगवू लागली. देव सर्वत्र आहे, असा या कथेचा अर्थ आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण नामदेवांच्या हातात त्या वेळी दोन पाय होते आणि ते ठेवायला जागा सापडत नव्हती, ही अडचण मला फार खरी वाटते. मे महिन्यात सिद्धेश्वरच्या काठावर चालणाऱ्या माणसाला ती अक्षरशः येते. आली पाहिजे.

थंडीतली गोष्ट वेगळी. पट्टकदंब नावाचं हंसाच्या जातीचं पाखरू मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून मराठवाड्यातल्या मोठ्या जलाशयांवर उतरतं. डोक्यावर दोन काळे पट्टे, अंगानं राखी. इथं हरभऱ्या-गव्हाच्या शेतात चरून त्याला परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते. आपण थवा उठवला की तेवढी चरबी जळते आणि चरायचा वेळही जातो. एकदा उठवला तर तो सावरून घेईल. पण रविवारी येणारा प्रत्येक जण एकदाच उठवत असतो.

उजनीच्या फुगवट्यावर, भिगवण-कुंभारगावच्या बाजूला, हा प्रश्न आधीच येऊन ठेपलाय. तिथल्या मासेमारांनी रोहित आणि इतर पाणपक्षी दाखवण्याचा नवा धंदा उभा केला. पक्षी राहिले तर आपली चूल पेटेल, हे गावाला कळलं, यापेक्षा चांगलं संरक्षण कुठलं? पण कॅमेरेवाला गिऱ्हाईक नावेत बसतो आणि म्हणतो, अजून जवळ घ्या, उडताना फोटो पाहिजे. नावाड्याला कळत नाही असं नाही. आज यांना नाही म्हटलं तर उद्या ते दुसऱ्याच्या नावेत बसतील, हेही त्याला कळतं. अशा वेळी नावाड्याला दोष देणं मला पटत नाही. ज्याच्या खिशात पैसे आहेत आणि ज्याला दुपारी घरी जायचंय, जबाबदारी त्याची जास्त आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासनं यातून चांगली वाट काढली. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, पुढं कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात आणि तिथंच जेवतात. किनाऱ्यावर मात्र दोरीच्या अलीकडं थांबायचं, पिल्लांना हात लावायचा नाही. पैसे दिले म्हणून दोरी ओलांडता येत नाही.

सिद्धेश्वरला मोठा गाजावाजा होण्याआधीच आपण ही सवय लावून घेऊ शकतो. उन्हाळ्यात गाळाच्या पट्ट्यात उतरू नये, वरूनच दुर्बिणीनं बघावं. टिटवी ओरडायला लागली की आल्या पावली मागं फिरावं. चहा, भाकरी, मासळी काठच्या गावातून घ्यावी. दरवर्षी जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, आपल्याकडं 1987 पासून होते. एक सकाळ काढून त्यात इथल्या नोंदी घालाव्यात. एखादं पाणथळ महत्त्वाचं आहे की नाही, हे ठरवताना असे आकडेच कामाला येतात. आणि उद्या इथं कुणी नाव काढली, तर बसण्याआधीच सांगून टाकावं, मामा, लांबूनच दाखवा. एकही पाखरू उडालं नाही तरी पैसे पूर्ण देईन.