मागील बाकी

नर्मदेवरील लमेटा घाटावरून ज्याला नाव मिळाले, तो लमेटा खडकांचा थर पश्चिमेस गुजरातेपर्यंत आणि दक्षिणेस आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्यापर्यंत तुटक तुटक उघडा पडलेला आहे. आणि ज्या लाव्हारसाचा सह्याद्री झाला तो या थरावर मागाहून पसरला असल्यामुळे, त्यात गाडलेले प्राणी वयाने सह्याद्रीचेही वडील ठरतात.

या थरात, गुजरातेतील धोली डुंगरी येथे, धनंजय मोहबे या भूवैज्ञानिकास एक घरटे सापडले, आणि त्याचा पुरता उलगडा २०१० साली प्रसिद्ध झाला. महाकाय शाकाहारी डायनोसॉरची तीन अंडी, त्यांपैकी एक चिरडलेले. त्याच्याभोवती वेटोळे घालून त्या वेटोळ्यावर डोके टेकलेला साडेतीन मीटरांचा साप. आणि शेजारी अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले अर्ध्या मीटरचे पिल्लू. साप झडप घालणार, तोच गाळाच्या लोंढ्याने भक्ष्य आणि भक्षक यांना एकदमच गाडले, असे अभ्यासक मानतात. फिर्यादी नाही, आरोपी नाही, असा हा पंचनामा सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षे दगडाच्या दप्तरात पडून होता.

पशुजन्म ही भोगयोनी आणि मनुष्यजन्म ही कर्मयोनी, असे आपली परंपरा सांगते. तेव्हा सापाला पाप नाही, हे उघड आहे. परंतु ज्या काळी पृथ्वीवर मनुष्यच नव्हता, त्या काळी ते पिल्लू कोणाच्या कर्माचे फळ भोगत होते? ईश्वरावर येणारा पक्षपाताचा आणि निर्दयतेचा आक्षेप ब्रह्मसूत्रांनी जीवांच्या कर्माकडे बोट दाखवून परतविला आहे, आणि पहिले कर्म कोणते असे विचारताच संसार अनादि असल्याचे सांगितले आहे. युक्तिवाद अभेद्य खराच. पण कीर्द-खतावणी जाणणारा माणूस त्यापुढे घुटमळतो, कारण वहीचे पहिले पान मागावे तर प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'मागील बाकी' एवढेच लिहिलेले आढळते.

मला वाटते, त्या पिल्लाच्या मरणाला कर्माचा दाखला जोडण्याचा आग्रह आपण सोडावा, आणि त्याचे दुःख कोणाच्याही खाती न घालता दुःख म्हणूनच मानावे. पोटात भूक असताना समोरचा घास आपण होऊन सोडण्याची शक्ती ज्या दिवशी एखाद्या जीवात प्रथम उगवली, त्या दिवशी ती वही उघडली. धोली डुंगरीच्या सापाच्या तोंडचा घास लोंढ्याने काढून घेतला, तो उपाशी मेला. पण त्याने उपवास केला, असे कोणी म्हणणार नाही.