धाडस आणि अनुज्ञा

शूर माणसानें धाडस करण्यापूर्वीं कोणाची परवानगी मागावी काय? हा प्रश्न प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. विचारून करावयाचें तें धाडस कसलें, असें कोणीहि चटकन् म्हणेल. परंतु आपल्या घरांतूनहि हा वाद नेहमीं ऐकूं येतो. मुलगा कोणास न सांगतां डोंगर चढून येतो. आई म्हणते, 'विचारून कां गेला नाहींस?' मुलगा उत्तर देतो, 'विचारलें असतें तर तूं नाहींच म्हणाली असतीस!' दोघांच्याहि बोलण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाहीं. हाच प्रश्न जेथें रीतसर लेखी अर्जाच्या रूपानें उभा राहतो, असें एक उदाहरण आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे.

अमेरिकेच्या भूसेनेंत राखीव पलटणी आहेत. त्यांतील शिपाई एरव्हीं कारकून, शिक्षक, सुतार असा कोणी तरी असतो. महिन्यांतून साधारणतः एक शनिवार-रविवार आणि वर्षांतून दोन आठवडे तो गणवेष चढवितो. अशा एखाद्या शिपायानें पूर्वीं जॉर्जिया संस्थानांतील फोर्ट बेनिंग येथें तीन आठवडे शिक्षण घेऊन, हवाई छत्रीनें पांच उड्या मारून, पंखांचें चिन्ह छातीवर लावण्याचा मान मिळविलेला असतो. पुढें पोटापाण्यासाठीं तो दुसऱ्या गांवीं जातो, आणि तेथें त्याच्या वांट्यास येते ती मालवाहतुकीची पलटण! शेजारच्या शहरांतील दुसरी राखीव पलटण मात्र नियमानें उड्या मारीत असते. याचें मन तिकडे ओढ घेतें.

मग अर्ज सुरू होतात. स्वतःच्या अधिकाऱ्याची संमति हवी, त्या पलटणीच्या अधिकाऱ्याची संमति हवी, लेखी हुकूम हवा. उडी मारून फार दिवस झाले असतील तर शिक्षणाची उजळणीहि हवी. ज्याची नेमणूकच उडी मारणाराच्या जागेवर आहे, त्यास दरमहा जोखमीचा भत्ता मिळतो, व तो चालू राहण्यास तीन महिन्यांत निदान एक उडी मारावी लागते. या पाहुण्यास मिळते ती केवळ परवानगीची उडी, भत्ता नाहीं. तेव्हां तो चिडून म्हणाला कीं, 'जीव माझा, हाडें माझीं, पैसा मी मागत नाहीं. मग एवढे कागद कशासाठीं?' तर त्यास काय उत्तर द्यावें?

उत्तर त्याच्या पाठीवरच बांधलेलें आहे. ती छत्री त्यानें घडी घातलेली नाहीं. ती एका रिगरनें घातलेली आहे, आणि आपण घडी घातलेली कोणतीहि छत्री घेऊन स्वतः उडी मारण्याची तयारी त्या रिगरची असली पाहिजे, असा त्याच्या धंद्याचा दंडक आहे. पाठीवरचे बंद बरोबर आहेत कीं नाहींत हें उडी मारणारास स्वतः पाहतां येत नाहीं. जंपमास्टर नांवाचा अधिकारी विमानांत चढण्यापूर्वीं प्रत्येकाचा पट्टा न् पट्टा हातानें चांचपून पाहतो. विमान सेकंदास सुमारें ७० यार्ड पुढें जात असतें; दारांत एकजण दोन क्षण घुटमळला तर त्याच्या मागचे मैदान सोडून झाडांवर उतरावयाचे. आणि पाय मोडलाच, तर ती दुखापत कामावर असतांना झाली कीं नाहीं, तिचा भार सरकारनें सोसावा कीं घरच्या मंडळींनीं, या प्रश्नाचा निकाल लागतांना तो लेखी हुकूमच पुढें ठेवावा लागतो. 'जीव माझा' हें म्हणणें म्हणून अर्धेंच खरें आहे. धोका एकाचा असला तरी तो अनेकांच्या हातांतून जातो. आणि ज्यांच्या हातांतून तो जातो त्यांच्या इच्छेंतूनहि तो गेला पाहिजे, एवढेंच अनुज्ञेचें मूळ मागणें आहे.

याचा अर्थ अधिकाऱ्याचा प्रत्येक नकार न्याय्य ठरतो असा मात्र नव्हे. 'नाहीं' म्हणणारास कांहींच गमवावें लागत नाहीं. 'हो' म्हणणारावर उद्यां बालंट येण्याचा संभव असतो. त्यामुळें भित्रा वरिष्ठ आपल्या भित्रेपणास नियमाचें नांव देतो, आणि अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. कारण न देतां दिलेला नकार हा सावधपणा नव्हे; ती जबाबदारीची चुकवाचुकवी होय. मागणारानें विनयानें मागावें, हें जसें खरें, तसेंच देणारानें विचार करून द्यावें किंवा कारण सांगून नाकारावें, हेंहि खरें. अमेरिकेंत १९४० सालीं छत्रीधारी सैनिकांची पहिली तुकडी उभारली तेव्हां सैन्यानें शिपायांस हुकूम केला नव्हता. कोण येतो म्हणून विचारलें होतें, आणि ४८ जागांसाठीं दोनशेंहून अधिक लोक पुढें आले. ज्या विद्येच्या आरंभीं सैन्यानेंच शिपायाची संमति मागितली, त्या विद्येंत पुढें शिपायानें सैन्याची संमति मागावी, यांत कमीपणा कोणता?

दुसऱ्याच्या पलटणीबरोबर उडी मारणें म्हणजे काय, याचें एक उदाहरण आपल्या देशाचेंहि आहे. कोरियाच्या युद्धांत भारतानें लढाऊ सैन्य न पाठवितां लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखालीं ६० वें पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हें वैद्यकीय पथक पाठविलें होतें. ता. २३ मार्च १९५१ रोजीं मुनसान येथें अमेरिकेच्या १८७ व्या हवाई पलटणीनें उडी घेतली, तेव्हां या पथकांतील १२ जण तिच्याबरोबर उतरले. ते मारावयास नव्हे, जखमा बांधावयास उतरले होते. त्या उडींत कोणाचा खासगी पराक्रम नव्हता. त्यांच्याबरोबर त्यांच्या देशानें दिलेला शब्दहि आकाशांतून खालीं आला. असा शब्द बरोबर नेण्याचा अधिकार कोणासहि आपला आपण घेतां येत नाहीं. तो दिला जावा लागतो.

विहिरींत पडलेल्या मुलासाठीं उडी टाकणारानें परवानगी मागत बसावें, असें कोणी म्हणणार नाहीं. तेथें क्षणच हुकूम देतो. परंतु जें धाडस आपण सवडीनें निवडतों, ज्याची तिथि आधीं ठरते, त्यापूर्वीं विचारण्यास वेळ नसतो असें नाहीं. बहुधा नकाराची भीति असते. विमानांतून उडी घेण्यास न भिणारा मनुष्य एक 'नाहीं' ऐकण्यास भितो, ही गंमत नव्हे काय?

त्या अर्जावर सर्व अधिकाऱ्यांच्या सह्या असतात. घरीं वाट पाहणारीची सही मात्र नसते. तिला विचारण्याचा कायदा नाहीं. पण डोंगरावरून परत आलेल्या त्या मुलास आई जें विचारीत होती, तें तरी दुसरें काय होतें? 'तुझ्या धोक्यांत माझाहि वांटा आहे, तो मला आधीं कां सांगितला नाहींस?' एवढेंच ती म्हणत होती. आणि पुढच्या वेळीं त्यानें खरेंच विचारलें, तर कारणावांचून नाहीं न म्हणण्याचें बंधन तिच्यावरहि आहे.