दार उघडं होतं म्हणून

२०१३ च्या ऑक्टोबरमध्ये क्रेग हेफनर नावाच्या संशोधकानं डी-लिंक कंपनीच्या एका जुन्या राउटरचं सॉफ्टवेअर उकलून वाचायला घेतलं आणि त्याला त्यात एक गंमत सापडली. आपण राउटरच्या सेटिंगचं पान उघडतो तेव्हा आपला ब्राउझर आधी स्वतःचं नाव सांगतो, मी क्रोम, मी फायरफॉक्स, असं. या राउटरला एक ठरावीक नाव सांगितलं की तो युजरनेम-पासवर्ड काहीही न विचारता थेट आत घ्यायचा. ते नाव म्हणजे अक्षरांची निरर्थक माळ होती. पण उलटीकडून वाचली तर मजकूर निघत होता : एडिट बाय ०४८८२ जोएल बॅकडोअर. म्हणजे कुणी तरी मागचं दार ठेवलं आणि वर चौकटीवर नावही कोरलं. हेफनरचा अंदाज असा की कंपनीच्याच दुसऱ्या प्रोग्रॅमना सेटिंग बदलणं सोपं जावं म्हणून ही सोय केली असावी. मला हा अंदाज लगेच पटला. कोड लिहिणाऱ्या कुणालाही पटेल. 'तात्पुरतं ठेवू, नंतर काढू' या वाक्यावर आमचा अर्धा धंदा चालतो.

या प्रकाराला ऑथेंटिकेशन बायपास म्हणतात. पासवर्ड चोरायचा नाही, ओळखायचा नाही, फोडायचा नाही. तो विचारलाच जात नाही.

सगळीच दारं मुद्दाम ठेवलेली नसतात. २०२१ मध्ये अर्केडियन या तैवानी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असंच भोक सापडलं. ते समजायला गावाकडचं घर डोळ्यांसमोर आणा. ओसरीवर कुणीही येऊन बसतं, त्याला परवानगी लागत नाही. राउटरलाही अशी ओसरी असते, कारण लॉगिनच्या पानावरची चित्रं लॉगिन होण्याआधीच दाखवावी लागतात. या सॉफ्टवेअरमधला राखणदार एवढंच बघायचा की पत्त्याची सुरुवात ओसरीपासून होते का. होत असेल तर पुढचा पत्ता तो वाचायचाच नाही. मग 'ओसरीवर ये, तिथून मागे वळ, माजघरात जा' असा पत्ता दिला की पाहुणा माजघरात. हा दोष दहा वर्षांहून जास्त काळ तिथं होता, आणि तोच कोड वेगवेगळ्या नावांनी विकला जात असल्यामुळे १७ कंपन्यांच्या किमान २० मॉडेलांत पोचला होता. माहिती जाहीर झाल्यावर आठवड्याच्या आत त्याचा गैरवापर सुरू झाला.

इथवर तंत्रज्ञान. मला छळणारा प्रश्न पुढचा आहे. दार उघडं आहे, घरमालकाला पत्ता नाही, चोर वाटेवर आहेत. अशा वेळी आपण आत जाऊन कडी लावावी का?

हा कल्पनेतला प्रश्न नाही. मिक्रोटिक ही लॅटव्हियाची कंपनी, तिचे राउटर छोट्या नेटवाल्यांच्या आवडीचे. २०१८ मध्ये त्यांच्यात एक दोष निघाला : लॉगिन न करता बाहेरून फाइली वाचता यायच्या, अगदी पासवर्डांची फाइलसुद्धा. कंपनीनं एप्रिलमध्येच दुरुस्ती दिली. पण दुरुस्ती देणं आणि ती बसवली जाणं यात फार अंतर असतं. त्या उन्हाळ्यापासून हजारो राउटर लोकांच्या नकळत चोरांसाठी क्रिप्टोचलन खणायला जुंपले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अलेक्सी नावानं वावरणाऱ्या एका रशियन भाषिकानं सांगितलं की त्यानं एक लाखाहून जास्त राउटरांत शिरून बाहेरून येणारी वाट बंद केली आहे. आत जाऊन त्यानं निरोपही ठेवला होता : अमुक दोष होता, बंद केलाय, काही विचारायचं असेल तर इथं संपर्क करा. लाखातल्या जेमतेम पन्नासेक जणांनी संपर्क केला. काहींनी आभार मानले, बहुतेक जण भडकले.

भडकणाऱ्यांची बाजू मला आधी कळेना. मी आंबेगाव तालुक्यातल्या शिनोलीचा, घोडेगावहून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं की येणारं गाव. आमच्याकडे शेजाऱ्याच्या शेतात पाइप फुटला आणि मोटार चालूच असली, तर येणारा-जाणारा कुणीही खोपटात शिरून स्टार्टरचं लाल बटण दाबतो. फोन करून परवानगी घेत बसला तर त्याला लोक वेड्यात काढतील. मग अलेक्सीनं वेगळं काय केलं?

बरंच वेगळं केलं. मोटार बंद करणारा संध्याकाळी पारावर भेटतो आणि म्हणतो, "नाना, तुमचा पाइप फुटलाय, मोटार बंद केली मी." नाना त्याचा चेहरा ओळखतात. त्यानं चुकून चांगली चाललेली मोटार बंद केली असेल, तर त्याला तोंडावर चार शब्द सुनावता येतात. शिवाय तो खोपटात गेला, बटण दाबलं, बाहेर आला, हे रस्त्यावरून दिसत असतं. अलेक्सीचा निरोप होता, पण तो मालक कधी न वाचणार अशा जागी होता, आणि खाली सही होती ती एका टोपणनावाची. तो आत किती वेळ होता, अजून काय पाहिलं, हे फक्त तो सांगेल तेच. त्याचा हेतू चांगला होता असं मला आजही वाटतं. पण हेतू त्याच्यापाशी आणि धोका मालकापाशी अशी ही वाटणी आहे.

याच वाटेनं आणखी पुढं गेलेला माणूस २०१७ मध्ये होऊन गेला. ब्रिकरबॉट हा त्याचा प्रोग्रॅम. असुरक्षित उपकरणं चोरांच्या फौजेत भरती होतात, तर ती आधीच निकामी करून टाकू, हे त्याचं तत्त्वज्ञान, आणि त्याला त्यानं नाव दिलं होतं 'इंटरनेट केमोथेरपी'. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांचे ६० हजारांवर मोडेम बंद पडल्याच्या बातम्या आल्या आणि त्यानं ते आपलंच काम असल्याचं सांगितलं. इथं तर बायपासचीही गरज नव्हती, कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते. त्या डिसेंबरमध्ये निवृत्ती जाहीर करताना आपण एक कोटीहून जास्त उपकरणं निकामी केल्याचा त्याचा दावा होता. पाणी वाया जातंय म्हणून मोटारच जाळून टाकायची, आणि वर म्हणायचं की तालुक्याचं पाणी वाचवलं. ज्याचा मोडेम गेला, त्यानं तो निवडलेलाही नव्हता. नेट घेताना जो मिळाला तो त्यानं लावला.

कायद्याचं उत्तर सरळ आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय आत जाण्याला मनाई करतं, आणि तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीनं केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण यात एक मेख आहे. या जातीचा दोष दुसऱ्याच्या राउटरमध्ये आहे की नाही, हे पक्कं कळायला तो वापरूनच बघावा लागतो. कडी लागलीय का हे दार ढकलल्याशिवाय कळत नाही. म्हणजे नुसती काळजी करणाराही उंबऱ्यात एक पाय टाकतोच.

गावी आमच्या आळीत बहुतेक घरांत एकाच नेटवाल्यानं बसवलेला एकच डबा आहे. आमच्या घरातला मी तपासला, सॉफ्टवेअर जुनं निघालं, नवं टाकलं. बाकीचे मला माडीवर बसून, लॅपटॉपवरून तपासता आले असते. त्याऐवजी चपला घातल्या आणि घरोघर गेलो. काम संथ झालं, अकरा घरांना दोन दिवस लागले, आणि चहा मोजलाच नाही. पण तिथं दुसराच पेच समोर आला. शेजारच्या काकूंना मी सगळं समजावून सांगितलं, ओसरी-माजघरासकट. त्या म्हणाल्या, "तुला कळतंय ना बाळा, मग कर की. मला कशाला विचारतो?"

ही परवानगी आहे का? काकूंनी होकार दिला तो राउटरला नाही, मला दिला. माझ्या आजोबांना त्या ओळखत होत्या, म्हणून दिला. उद्या गोड बोलणारा दुसरा कुणी लॅपटॉप घेऊन आला तर त्यालाही देतील. ऑथेंटिकेशन बायपास म्हणतात तो हाच, फक्त माणसातला : ठरावीक नाव सांगितलं की पुढचं काही विचारायचं नाही. मी दार वापरलं, आणि वापरताना मला ते कळत होतं. नवा पासवर्ड वहीच्या पानावर लिहून त्यांच्या हातात दिला, देव्हाऱ्याच्या खणात ठेवायला सांगितला. पासवर्ड कागदावर लिहू नये असं आम्हाला शिकवलं जातं. पण शिनोलीतल्या देव्हाऱ्याचा खण लॅटव्हियाहून उघडता येत नाही.

आळीच्या टोकाचे एक अण्णा मात्र नाही म्हणाले. "नेट चालतंय ना? मग हात लावायचा नाही." मी सांगून पाहिलं की राउटर तुमचा असला तरी तो उद्या दुसऱ्यांवर हल्ला करायला वापरला जाईल, तुमच्या डबक्यातले डास आळीभर जातात तसं. अण्णा म्हणाले, "मग डबा देणाऱ्याला विचार ना. मला काय विचारतो?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते बरोबर बोलत होते. नेटवाल्याच्या माणसाला मी फोन केला होता. नवीन मॉडेल आलं की बदलू म्हणाला. अण्णांचा डबा ओट्यावरून दिसतो, टीव्हीच्या वर, हिरवा दिवा लुकलुकत असतो. तो माझ्या माडीवरून पाच मिनिटांत बंद करता येईल. गेल्या तीन महिन्यांत मी तो दोनदा लॅपटॉप उघडून तसाच मिटला आहे, आणि दर पंधरा दिवसांनी नेटवाल्याला फोन करतो आहे. अण्णाही आता विचारतात, "काय म्हणतोय रे तो?"