सभेचे एकमत व मनाची साक्ष

ज्या सभेत एकही विरोधी शब्द निघत नाही, ती सभा सत्याच्या अधिक जवळ असते काय? गावाची असो वा मंडळीची, आपली बैठक एकमताने संपली म्हणजे आपणांस मोठा संतोष वाटतो. म्हणून हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवितो.

बैठकीची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. प्रथम वडील माणूस बोलतो. दुसरा म्हणतो, "तात्या म्हणतात तेच बरोबर." तिसरा मान डोलवितो. चौथ्याच्या मनात शंका असते, पण इतकी शहाणी माणसे चुकतील कशी, असे समजून तो गप्प राहतो. सभा उठल्यावर पारावर कळते की, शंका कित्येकांस होती! प्रत्येकाने दुसऱ्याचे मौन हीच संमती मानिली. आम्हीही असे गप्प बसलो आहो, हे येथे कबूल केले पाहिजे.

सॉलोमन अॅश ह्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत केलेला एक प्रयोग १९५१ साली प्रसिद्ध झाला. दिलेल्या रेषेएवढी दुसरी रेषा कोणती, एवढेच कॉलेजातील तरुणास सांगावयाचे होते. परंतु सोबतच्या इतरांस मुद्दाम चुकीचे उत्तर देण्यास शिकविले होते. सुमारे चारांपैकी तिघांनी निदान एकदा तरी आपल्या डोळ्यांची साक्ष सोडून इतरांची री ओढली. मात्र सोबत्यांपैकी एकजण जरी खरे बोलला, तरी ह्या चुका फार कमी होत.

रेषेची चूक क्षुल्लक. रानाची तशी नव्हे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. प्रवरेच्या पाटाने आमच्या श्रीरामपूर भागात ऊस आला व सुबत्ता आली. परंतु काळ्या जमिनीस निचरा नसता पाणी अधिक दिले, तर खालचे क्षार वर येऊन रान चोपण होते. "सगळेच देतात" एवढ्याच आधारावर जो पाणी देतो, त्याचे बिघडलेले रान ते सगळे भरून देत नाहीत.

आमच्याच जिल्ह्यातील अल्प पावसाचे हिवरे बाजार पाहा. तेथे पिकांचे ठरविण्यापूर्वी ग्रामसभा पाऊस व पाणी मोजते, माणसांचे व गुरांचे पाणी आधी राखते, आणि उरलेल्यावर पिके ठरविते. उसासारखे तहानलेले पीक व शेतीसाठी बोअरवेल ह्यांस गावाने मनाई केली आहे. निर्णय तेथेही सर्वांचाच. परंतु मते मोजण्याआधी पाणी मोजले जाते.

एकटा बोलणारा नेहमी बरोबरच असतो, असे आम्ही म्हणत नाही. पण त्याचे ऐकल्यावाचून तो चुकला हे कळावे कसे? म्हणून वडिलांनी शेवटी बोलावे, धाकट्यांस व स्त्रियांस आधी विचारावे, आणि "ह्या ठरावात दोष कोणता?" हे शोधण्याचे काम एकास नेमून द्यावे. आणि वाचकहो, पुढल्या बैठकीत मान डोलविण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस विचारावे: माझे हे मौन विनयाचे आहे की भयाचे?